नावाचं कडवं

अक्षर वाकडंतिकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घही बराबर नसतील. माझी शाळा चौथीला सुटली आणि त्यानंतर हातात पेन आलं ते फक्त सही करायला. ही वही माझ्या लेकीची, आरतीची, दहावीच्या सरावाची. मागची बरीच पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते. कोणाला वाचायला देणार नाही. तरी माफी मागितलेली बरी. वहीच ती, कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

परीक्षांचे दिवस पुन्हा आलेत. मला ते कॅलेंडरावरून कळत नाहीत, वासावरून कळतात. थंडी सरते, कापसाची शेवटची वेचणी उरकते, आणि एका सकाळी पाण्याला जाताना मोसंबीच्या बागेकडून फुलांचा वास येतो. इतका गोड की घागर भरून वाहायला लागली तरी ध्यान राहत नाही. त्याच दिवसांत शेतात कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग लागतात, कडुलिंबाची पानं गळून अंगणात पिवळा सडा पडतो, आणि गावातल्या पोरींचे चेहरे सुकतात. आरतीचा तर जास्तच. डोक्याला तेल लावून घेते, पण लावताना मध्येच डोकं काढून घेते आणि म्हणते, "थांब, एक उत्तर आठवलं."

दुसरी खूण म्हणजे शांतता. परीक्षा जवळ आली की भोंगे बंद होतात. लग्नाचा डीजे नाही, दुकानाची जाहिरात नाही. सकाळी कोंबडे ऐकू येतात, दुपारी गिरणीचा पट्टा, आणि वडीगोद्रीच्या रस्त्यावरच्या गाड्या लांबून, पाणी वाहिल्यासारख्या. दोन वर्षांखाली याच शांततेत आमच्या विहारापुढं गाण्यांचा कार्यक्रम झाला होता. माईक नाही, बत्त्या नाहीत, स्टेज नाही.

त्याचं असं झालं. जयंतीच्या आधी दीड-दोन महिने आमची गाणारी मंडळी तालमीला बसतात. एरवी भोंगा लावूनच. त्या वर्षी वस्तीतली सात पोरं दहावीला होती. आयांनी जाऊन सांगितलं, पेपर होईस्तोवर भोंगा नको. मंडळी रुसली. मग अंगणवाडीच्या वर्षाताईंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, रविवारी चार वाजता बसू, दिवेलागणीला उठू, म्हणजे पोरांचा रात्रीचा अभ्यास मोडायचा नाही. पेटी, ढोलकी, तुणतुणं आणि गळा, एवढ्यावरच. आणि एकच अट, ज्यानं त्यानं स्वतः रचलेलं गाणं म्हणायचं.

आमच्याकडं गाणं रचणारे पुष्कळ. कोणी गवंडी, कोणी जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, कोणी शिक्षक. दिवसभर काम करतात आणि संध्याकाळी कडवी जुळवतात. गाण्याची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायला पाहिजे. अमका म्हणे, तमका सांगे. त्याला आम्ही नावाचं कडवं म्हणतो. त्यावरून गाणं कोणाचं ते कळतं. ज्या गाण्याला नावाचं कडवं नाही, ते कोणाचंच नाही. कोणीही म्हणावं, आणि वाटलं तर आपलं नाव लावावं. यात कोणी चोरी मानत नाही.

माझी चूक इथंच झाली होती.

मी गाणी रचते हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. कापूस वेचताना रचते. समोर माणूस असला की माझी जीभ उचलत नाही. दुकानात साखर मागायची तर दोनदा मनात म्हणून बघते. पण तोंडासमोर पऱ्हाटी असली की लाज वाटत नाही. एक ओळ धरायची, कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडं सोडवत पुढं सरकायचं. हात चालले की शब्द आपोआप येतात. बोंडाची टोकं बोटांना बोचतात, संध्याकाळपर्यंत नखांच्या कडा फाटतात. आणि मग शेताच्या तोंडाशी वजन. प्रत्येकीच्या गाठोड्याचं वजन तिच्या नावानं सांगतात. एकदा माझं गाठोडं काट्यावर फारच हलकं निघालं. मला माहीत होतं ते हलकं नाही. पाठ सांगत होती ना. पण माझ्यानं बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी ओळीत शिरले आणि पऱ्हाटीला सांगितलं:

ओटी माझी भरली बाई, काटा म्हणतो कमी
बोटांना या पुसा कुणी, बोटं देतील हमी

शेजारच्या ओळीत माझी थोरली जाऊ होती, सिंधूबाई. तिनं ते उचललं, तिच्या पलीकडचीनं उचललं, दोन दिवसांत सगळी टोळी म्हणायला लागली. दुसऱ्या टोळ्यांतही गेलं. नावाचं कडवं मी केलंच नाही. एक तर लाज. दुसरं, माझं नाव लंका. गाण्यात लंका आली की कोणीतरी म्हणणारच, जळाली का राह्यली? त्यापेक्षा बिननावाचं बरं.

त्या शेताला लागून मोसंबीची बाग आहे. तिची राखण किसनदादा करतात. किसनदादा म्हणजे आमच्या वस्तीचा गळा. वय पासष्टीच्या पुढं, अंगानं काडी, पण आवाज असा की विहिरीत घुमावा. वस्तीत जो कोणी पेटी वाजवतो तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. माझे सासरे गेले तेव्हा रात्रभर तेच बसले होते, सकाळी स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा दिला होता. बांधावर बसून त्यांनी आमचं गाणं ऐकलं. नाव नव्हतं, म्हणून आपलं नाव लावलं.

मला ते कळलं एका हळदीला. मी चुलीपाशी पोळ्या भाजत होते आणि बाहेर भोंग्यातून माझी ओटी, माझा काटा. पहिल्यांदा इतका आनंद झाला की पोळी करपली. मग शेवटी आलं, "किसन म्हणे काट्यापाशी, खरं बोला जरा." आपलं लुगडं दुसरीच्या दांडीवर वाळताना दिसावं तसं झालं. ओळखू तर येतंय, काढून कसं घ्यावं? पुढं तालुक्याच्या कुठल्याशा स्पर्धेत त्या गाण्याला पाचशे एक रुपये बक्षीस मिळालं. किसनदादांनी ते वस्तीभर सांगितलं. मलाही सांगितलं. मी म्हणाले, "छान झालं, दादा."

तर वर्षाताई नावं लिहीत आमच्या दारी आल्या. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात सिंधूबाई बोलून बसली.

"ते काट्याचं गाणं हिचं हाय. लिही हिचं नाव."

"ते तर किसनदादांचं ना?" वर्षाताई म्हणाल्या.

"कशाचं दादाचं! दादानं आयुष्यात एक बोंड तरी सोडवलं का? त्याला काय माहीत बोटं कशी देतात हमी!"

मी आतून "न्हाई न्हाई" म्हणेपर्यंत नाव लिहून झालं होतं.

दोन दिवसांत वस्तीभर झालं. किसनदादाही तेच गाणं म्हणणार होते, कारण ते त्यांचं सगळ्यात गाजलेलं. पाण्यावर बायका माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या. आरतीचे पप्पा जेवता जेवता म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचा चार लोकांत पाणउतारा करू नको. आपल्या बापासारखे हायेत." खोटं नव्हतं ते. मी म्हणाले, "मी जातच न्हाई. पाय दुखतो म्हणते."

आरती दिव्याखाली भूगोल घेऊन बसली होती. तिनं वर न बघताच विचारलं, "आई, पेपर मी लिहायचा अन् बैठक क्रमांक दुसऱ्या पोरीचा टाकायचा, तर पास कोण होईल?"

"तू अभ्यास कर," मी म्हणाले.

"करूनच राह्यले की."

त्या रात्री मला झोप आली नाही. माझं गाणं गेलं तर गेलं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले होते. पण त्यात एक कडवं आरतीचं होतं. ते टोळीत कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, म्हणून किसनदादांनाही माहीत नव्हतं. ती दुसरीत असताना ठेकेदारानं विचारलं होतं, पोरगी वेचायला का आणत नाही, लहान बोटं जल्दी चालतात. ते कडवं त्याला उत्तर होतं. गाणं दादांचं झालं तर ते कडवं कुठं जाणार? आणि गाणं माझं म्हणावं, तर दादांची मान खाली जाणार. दोन्हींतलं एक काहीतरी जाणार होतं. पुढचे तीन दिवस भांडी घासताना, पऱ्हाट्या उपटताना मी नावाचं कडवं जुळवत राहिले. म्हणायचं म्हणून नाही. फक्त, होतंय का बघावं म्हणून.

रविवारी ऊन उतरायच्या आत सतरंज्या पडल्या. नुसतं ऐकायचं म्हणून मीही जाऊन बसले. विहाराची भिंत पाठीशी, समोर लिंबाचं झाड, त्याची पानं अधूनमधून माणसांच्या डोक्यावर पडत होती. माईक नसला की लोक कसे बसतात ते मी तेव्हाच पाहिलं. एरवी भोंग्याचा आवाज येतो म्हणून लांब उभे राहून तंबाखू मळणारी माणसं त्या दिवशी पुढं सरकून गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. लेकरू रडलं की आई उठून जात होती. पहिल्यांदा गवंडीकाम करणाऱ्या एकानं आपल्या हातानं बांधलेल्या आणि कधी आत न गेलेल्या घरांचं गाणं म्हटलं. मग एका मास्तरांनी बदलीचं म्हटलं, लोक हसून हसून बेजार. गळा खराब असला तर खराबच ऐकू येत होता. श्वास ऐकू येत होता. ढोलकीवाल्याची अंगठी ढोलकीच्या कडीला लागून वाजत होती, तीसुद्धा.

मग किसनदादा. पेटीचा भाता उघडला आणि काट्याचं गाणं सुरू केलं. खरं सांगते, माझ्याच गाण्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती छान म्हणतात ते. मी मनात ठरवलं, उठायचं नाही. "किसन म्हणे" आलं, लोकांनी दहा-दहाच्या नोटा पेटीवर ठेवल्या. आणि वर्षाताईंनी माझं नाव घेतलं.

सिंधूबाईनं मला उठवलं नाही. कानात एवढंच म्हणाली, "तिकडं बघूच नको. माझ्याकडं बघ. ओळीत हायेस असं समज."

मी उभी राहिले नाही. जागेवरच बसून, लोकांकडं पाठ करून, सिंधूबाईकडं तोंड केलं. आवाज आला तो मला माझा वाटलाच नाही. "ओटी माझी भरली बाई..."

मागून कोणीतरी म्हणालं, "अगं, हे तर आत्ताच झालं ना!"

"गप बस रे!" दुसरा.

आवाज बारीक होता म्हणून लोक आणखी गप्प झाले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आणि मी कोणी न ऐकलेलं तिसरं म्हटलं:

लेकीच्या वाटची ओळ बाई, मीच वेचीन सारी
तिच्या हाती पाटी राहो, माझ्या डोई भारी

याच कडव्याच्या मध्यावर पाठीमागून पेटी आली. हळूच, माझा सूर चाचपडत, अंधारात उंबरा शोधावा तशी. सापडला. मग पेटी माझ्या बरोबरीनं चालली. मला मागं वळून बघायची गरज नव्हती. तशी पेटी वस्तीत एकच माणूस वाजवतो.

कडवं संपलं, मी थांबले. पेटी थांबली नाही, एकाच सुरावर धरून ठेवली.

"संपलं?" किसनदादांनी विचारलं.

"संपलं."

"हे तिसरं मला ठाऊक नव्हतं."

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"लोकहो," ते सगळ्यांना म्हणाले, "हे गाणं मी बागेच्या बांधावर ऐकलं होतं. नाव नव्हतं. मोकळं सुटलेलं वासरू, म्हणलं आपल्या दाव्याला बांधू. माझी काय चूक?"

"पण दादा," सिंधूबाई ओरडली, "वासरू हंबरत कुणीकडं जातं ते बघायचं होतं की!"

असा हशा पिकला. किसनदादाही हसले. त्यांचा एक दात पडलेला दिसला. मग हसू ओसरलं आणि ते माझ्या पाठीला म्हणाले, "लंका, आता नाव लाव. बाकीचं सगळं बराबर हाय, एवढंच राह्यलंय. भाता किती वेळ हालवू? हात दुखून राह्यला."

मी सिंधूबाईकडं बघितलं. तिच्या मागं आरती उभी होती, पुस्तकात बोट घालून. मी म्हटलं:

लंका म्हणे ज्याची ओटी, त्याच्या नावे मोजा
नाव घेता हलका झाला, पाठीवरचा बोजा

कोणी जळाली म्हणालं नाही. पहिली दहाची नोट किसनदादांची होती.

त्यानंतरचं फारसं आठवत नाही. दिवेलागण झाली, पोरं अभ्यासाला गेली, सतरंज्या झटकताना लिंबाची पानं उडाली. घरी येताना आरतीचे पप्पा दोन पावलं मागून चालत होते. मध्येच म्हणाले, "ते पोरीच्या वाटच्या ओळीचं तू मला कधी सांगितलं न्हाईस." मी म्हणाले, "पऱ्हाटीला सांगितलं होतं." मग ते घर येईपर्यंत माझ्या शेजारून चालले.

चार दिवसांनी किसनदादा दारात आले. हातात शंभराच्या दोन नोटा.

"बक्षिसाचे," म्हणाले. "पाचशे एक होते. पेटीचा भाता बदलला त्यात. बाकीचे हळूहळू देतो."

मी मागं सरले. "दादा, कशाला? तुम्ही म्हटलं म्हणून मिळालं."

"गाणं परत घेतलंस अन् पैसे न्हाई घ्यायचे? म्हंजे मी चोरच राह्यलो का लंका?"

मी हात पुढं केला. घेतले. नाही घेतले असते तर माझं मोठेपण झालं असतं आणि त्यांची मान पुन्हा खाली गेली असती. इतकं मला चौथीतही कळलं असतं.

मग कधी करडू विकलं की शंभर, कधी बागेच्या मालकानं पगार दिला की शंभर. मध्ये त्यांचं दुखणं निघालं, तेव्हा मीच भाकरी घेऊन गेले. ते उशाशी चाचपायला लागले तर मी रागावले. त्यांना रागावणारी मी! बोलायची सवय लागली की अशी लागते. आता दुकानात साखर एकदाच मागते. मागच्या वेचणीत काट्यापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावला. दीड किलो वजन वाढलं. सगळ्या बायकांनी आपापली गाठोडी पुन्हा लावायला सांगितली.

आरती आता बारावीला आहे. सकाळी तिची गाडी गेली की घर मोकळं मोकळं वाटतं, आणि मोसंबीचा वास दारापर्यंत येतो. विहारापुढं या रविवारी पुन्हा बसायचं आहे. भोंगा लावायचा का, असं या वर्षी कोणी विचारलंच नाही. सहा बायकांनी नावं दिलीत. एक तर सत्तरीची आहे, तिला जुन्या दुष्काळात खडी फोडतानाची गाणी येतात, म्हणते सगळी माझीच, पण नाव लावायचं राहून गेलं. मी तिच्याकडं रोज दुपारी जाऊन बसते. नावाचं कडवं जुळवायला तिला कोणीतरी समोर लागतं. मला नको असायचं, तिला लागतं. माणसा-माणसाचं वेगळं.

काल दुपारी आरतीचा पहिला पेपर चालू होता. मी दारात गहू निवडत बसले होते, म्हणजे निवडलेलेच पुन्हा निवडत होते. किसनदादा काठी टेकत आले. ओट्यावर बसले.

"पेपर कसा जाईल पोरीचा?"

"जाईल बराबर."

"रविवारी मला तुझं गाणं म्हणायचंय. काट्याचं. तिसऱ्या कडव्यासकट. देतीस का म्हणायला?"

"म्हणा की, दादा. तुमच्या गळ्यात ते चांगलं वाटतं."

"नाव तुझंच घेईन."

"घ्या."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी घातलेली शंभराची नोट काढली, मांडीवर ठेवून सरळ केली. वर एक रुपयाचं नाणं ठेवलं. दोन्ही माझ्या सुपाच्या कडेला सरकवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी नोट घेतली, नाणं घेतलं, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाचशे एक झाले, दादा. सगळे फिटले."